पहिला घास कोण घेणार?

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यात हिवरा आश्रम हे गाव आहे. शुकदास महाराजांनी १९६५ साली इथे विवेकानंद आश्रम सुरू केला आणि पुढे गावाची ओळखच आश्रमाच्या नावाने होऊ लागली. दरवर्षी पौष वद्य सप्तमीला, म्हणजे स्वामी विवेकानंदांच्या जन्मतिथीला धरून, इथे उत्सव भरतो. त्याची सांगता महाप्रसादाने होते. बेत साधा असतो : पुरी आणि वांग्याची भाजी. जेवणाऱ्यांची संख्या मात्र लाखांत जाते. एवढी माणसं मोकळ्या वावरात रांगा धरून मातीवर बसतात. रांगांमधल्या वाटांनी ट्रॅक्टर फिरतात, ट्रॉलीत पुऱ्यांचे ढीग आणि भाजी असते, आणि स्वयंसेवक वाढत पुढे सरकत राहतात.

पंगत म्हटली की तिचा नियम आलाच. सगळ्यांना वाढून होईपर्यंत पहिला घास घ्यायचा नाही. घरच्या वीस पानांच्या पंगतीत तो पाळणं सोपं असतं, कारण वाढपी दोन फेऱ्यांत मोकळा होतो. लाखाच्या पंगतीत पहिल्या रांगेतल्या माणसाला शेवटची रांग दिसतसुद्धा नाही. पान वाढलेलं आहे, भूक लागलेली आहे, लहान पोरगं मांडीवर चुळबुळतं आहे आणि तरी हात आखडलेला. त्याला अडवायला शेजारी पोलीस उभा नाही. घास घेतला तर दंडही नाही.

याचं कारण विचारलं तर बहुतेक जण ‘श्रद्धा’ म्हणतील, काही जण ‘शिस्त’ म्हणतील. दोन्ही उत्तरं खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. कारण हाच भाविक संध्याकाळी एसटी स्टँडवर येतो. गाडी फलाटाला लागायच्या आत तो धावत सुटतो आणि खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो. दारात रेटारेटी होते, म्हाताऱ्या माणसाला कोपर लागतं. पंगतीतला माणूस आणि स्टँडवरचा माणूस एकच आहे. चार तासांत त्याची श्रद्धा आटली नाही आणि संस्कारही पुसले गेले नाहीत. बदललं ते एवढंच की पंगतीत त्याच्या आजूबाजूचे थांबले होते आणि स्टँडवर आजूबाजूचे धावत होते.

या प्रकरणाचा विषय हाच आहे. आपले रोजचे निर्णय आपण एकट्याने, आपल्या स्वभावानुसार घेतो असा आपला समज असतो. प्रत्यक्षात त्यातले कितीतरी निर्णय आपण शेजारच्या पानाकडे नजर ठेवून घेतो. कुठलं बियाणं पेरायचं, लग्नात किती माणसं बोलवायची, रस्त्यात पडलेल्याला उचलायचं की पुढे जायचं, घरात मोठ्यांसमोर तोंड उघडायचं की नाही, हे सगळे त्यातलेच.

‘तू केलंस तर मी करीन’

माणूस मुळात स्वार्थी की परोपकारी, हा वाद जुना आहे. २००१ साली झुरिकमधल्या उर्स फिशबाखर, सिमोन गेख्टर आणि एर्न्स्ट फेर या अर्थशास्त्रज्ञांनी त्याला वेगळं वळण दिलं. त्यांनी विद्यार्थ्यांचे छोटे गट केले आणि प्रत्येकाला काही रक्कम दिली. ती स्वतःजवळ ठेवायची किंवा सामायिक भांड्यात टाकायची. भांड्यात पडलेल्या रकमेत भर घालून ती सगळ्यांना सारखी वाटली जाणार होती. म्हणजे सगळ्यांनी टाकलं तर सगळ्यांचा फायदा, पण स्वतः न टाकता इतरांच्या टाकण्यावर जगलं तर आपला जास्त फायदा. संशोधकांनी प्रत्येकाला विचारलं : इतरांनी सरासरी इतकं टाकलं, तर तुम्ही किती टाकाल?

सुमारे निम्म्या लोकांचं उत्तर एकाच धाटणीचं निघालं. इतरांनी जास्त टाकलं तर आम्ही जास्त टाकू, कमी टाकलं तर कमी. साधारण ३० टक्के मात्र इतरांनी काहीही केलं तरी दमडी न सोडणारे होते. बिनशर्त दान करणारे जवळजवळ नव्हतेच.

गावातली वर्गणी, सोसायटीचा मेंटेनन्स, बचतगटाचा हप्ता यांत ज्याने कधी डोकं घातलं आहे त्याला हे आकडे ओळखीचे वाटतील. बहुतेक माणसं ना संत असतात ना चोर. ती अटीवर चांगली असतात, आणि त्यांची अट एकच असते : बाकीचेही तसेच वागताहेत याची खात्री हवी. खात्री असेल तर तीच माणसं श्रमदानाला फावडं घेऊन येतात, खात्री तुटली की ‘मीच का मूर्ख?’ म्हणून घरी बसतात. म्हणून वर्गणी न देणारा एक माणूस त्याच्या न दिलेल्या रकमेपेक्षा फार मोठं नुकसान करतो. तो इतरांची खात्री खातो.

आता हिवरा आश्रमच्या मांडणीकडे पुन्हा पाहा. तिथे माणसं अन्नाकडे जात नाहीत, अन्न माणसांकडे येतं. हा फरक वरवर सोयीचा दिसतो, पण सगळं गणित त्यानेच बदलतं. बुफेच्या टेबलाभोवती उभा राहिलेला माणूस पुढच्याला ढकलू शकतो. मांडी घालून बसलेला माणूस कुणाला ढकलणार? शिवाय त्याला डाव्या-उजव्या हाताला दहा-दहा माणसं दिसतात आणि ती थांबलेली दिसतात. ट्रॅक्टर आपल्या रांगेत येणार हे त्याला मागच्या अनुभवाने ठाऊक असतं. म्हणजे इतर थांबले आहेत हे दिसतं, आपलं पान रिकामं राहणार नाही हा विश्वास असतो, आणि पुढे घुसायला वाटच नसते. या तीन गोष्टी जुळल्या की चांगलं वागणं स्वस्त होतं. शुकदास महाराजांचं २०१७ मध्ये निधन झालं आणि त्यांच्यानंतरही उत्सव चालू राहिला, याचं एक कारण हे असावं. एका माणसाच्या शब्दाने सुरू झालेली गोष्ट तोवर मांडणीत आणि लोकांच्या परस्परांबद्दलच्या अपेक्षेत मुरली होती.

एसटी स्टँडवर यातलं काहीच नाही. जागा कमी, ती मिळेल याची खात्री नाही, आणि रांग मोडणारा डोळ्यांसमोर खिडकीत बसलेला. अशा ठिकाणी ‘लोकांनी शिस्त पाळावी’ अशी पाटी लावून काय होणार? आरक्षणाच्या गाडीत रुमाल कोणी टाकत नाही. प्रवासी तेच असतात, तिकिटावर फक्त आसन क्रमांक छापलेला असतो.

शंभर माणसं, शंभर उंबरठे

इतरांकडे पाहून निर्णय घेणं हे झालं. पण किती इतरांकडे पाहून? कुणाला एक सोबती पुरतो, कुणाला निम्मं गाव लागतं. हा ज्याचा त्याचा उंबरठा. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ साली या साध्या निरीक्षणातून चकित करणारा निष्कर्ष काढला.

समजा चौकात शंभर माणसं जमली आहेत आणि वातावरण तापलेलं आहे. पहिला माणूस असा की त्याला कुणाचीच सोबत लागत नाही, तो स्वतःहून दगड उचलतो. दुसऱ्याला एकाची सोबत लागते, तिसऱ्याला दोघांची, चौथ्याला तिघांची आणि शंभराव्याला नव्व्याण्णव जणांची. पहिल्याने दगड मारला की दुसरा मारतो, ते पाहून तिसरा, आणि बघता बघता शंभरही जण दंगलीत. दुसऱ्या दिवशी पेपर लिहितात : ‘संतप्त जमावाचा उद्रेक’.

आता यातला एकच माणूस बदला. ज्याला एकाची सोबत पुरत होती, त्याच्या जागी दोघांची सोबत लागणारा आणा. पहिला दगड मारतो आणि वाट पाहतो. एका माणसाच्या भरवशावर पुढे येणारा आता कोणीच उरलेला नाही. दंगल एकाच माणसापाशी संपते. पेपर लिहितात : ‘माथेफिरूने काच फोडली’. शंभरपैकी नव्व्याण्णव माणसं तीच, त्यांचे स्वभाव तेच, आणि निकाल मात्र दोन टोकांचे.

या हिशेबाने एक सवय मोडते. एखाद्या गावात दारूबंदी झाली, दुसऱ्यात फसली, की आपण म्हणतो त्या गावचे लोकच चांगले आणि या गावचे लोकच तसले. खरं तर दोन्ही गावांतली मनं जवळपास सारखी असू शकतात. फरक सुरुवातीच्या दोन-चार माणसांत असतो, आणि त्यांच्यामागे जायला तयार असलेले पुढचे पाच-दहा जण त्यांना पाहू शकतात की नाही, यात असतो.

बांधावरची पाहणी

पश्चिम विदर्भात सोयाबीन ज्या रीतीने पसरलं, त्यात हे उंबरठे दिसतात. आज बुलढाणा, वाशीम, अकोला जिल्ह्यांत खरिपात नजर जाईल तिथे सोयाबीन असतं. दोन पिढ्यांपूर्वी इथली वावरं ज्वारी-कपाशीची होती. सोयाबीन शंभर-एक दिवसांत निघतं, मागे हरभरा घेता येतो, कपाशीसारखी वेचणीची मजुरी लांबत नाही, हे फायदे कागदावर आधीपासून होते. पण नवं पीक म्हणजे घरचा दाणा आणि बैलांचा कडबा दोन्ही पणाला लावणं. कृषी खात्याच्या पत्रकावर विसंबून तसं कोण करणार? शेजाऱ्याच्या वावरात सोंगणी झाली, मळणीयंत्राखाली पोती भरली, ती बाजार समितीत गेली आणि पैसे घरी आले, हे पाहिल्यावर मात्र पुढच्या हंगामात बांधाच्या अलीकडेही तेच पेरलं गेलं. १९९४ मध्ये प्रसारित झालेला ‘जेएस ३३५’ हा जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचा वाण असाच वावरावावरांतून पसरला.

अमेरिकेत हीच प्रक्रिया मोजली गेली आहे. आयोवा राज्यात संकरित मक्याचं बियाणं १९२८च्या सुमारास आलं. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या संशोधकांनी १९४१ साली तिथल्या दोन वस्त्यांतल्या २५९ शेतकऱ्यांना विचारून कुणी कधी हे बियाणं घेतलं याचा आलेख काढला. उत्पन्न उघड जास्त असूनही पहिल्या पाच वर्षांत जेमतेम दहा टक्के वळले. पुढच्या तीन वर्षांत हा आकडा चाळीस टक्क्यांच्या घरात गेला. १९४१ उजाडेपर्यंत दोघे सोडून सगळ्यांनी ते घेतलं होतं. बियाण्याची माहिती सगळ्यात जास्त जणांना कंपनीच्या विक्रेत्याकडून कळली होती, पण घ्यायचं हे ठरवताना सगळ्यात जास्त वजन पडलं ते शेजाऱ्याचं.

शेजाऱ्याकडे पाहून निर्णय घेणं म्हणजे मेंढरासारखं वागणं असं कुणी म्हणेल. ते नेहमी खरं नाही. ज्याची जमीन आपल्यासारखी, पाऊस आपल्याइतकाच आणि कर्जही आपल्यासारखंच, त्याचा अनुभव ही फुकट मिळालेली चाचणी असते. घोटाळा होतो तो शेजारीही दुसऱ्या कुणाकडे पाहूनच निर्णय घेत असतो तेव्हा. एका वर्षी तुरीला भाव मिळाला की पुढच्या वर्षी सगळे तूर पेरतात आणि काढणीच्या वेळी भाव पडतो, त्यामागे हेच असतं. प्रत्येकाने दुसऱ्याचं पीक पाहिलेलं असतं. दुसराही आपल्याकडेच पाहतो आहे, हे हिशेबात धरायचं राहून गेलेलं असतं.

जमाव मारतो, जमाव बघत राहतो

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे आठवडी बाजार भरला होता. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, अशा अफवा आधीपासून व्हॉट्सअॅपवर फिरत होत्या. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली, भिक्षा मागून पोट भरणारी पाच माणसं तिथे आली आणि जमावाने त्यांना ठेचून मारलं. त्यांतली बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातली होती.

मारणाऱ्यांतल्या कितीजणांनी पळवलेलं मूल पाहिलं होतं? अशा जमावात प्रत्येकाचा पुरावा एकच असतो : इतके लोक मारताहेत, म्हणजे काहीतरी असेलच. पहिल्याचा संशय दुसऱ्याला बातमी वाटतो, आणि दुसऱ्याचा हात तिसऱ्याला खात्री वाटतो. हिवरा आश्रमच्या वावरात हजारो हात आखडून धरणारी ओढ आणि राईनपाड्यात हात उगारणारी ओढ वेगवेगळ्या जातीची नाही. इतरांकडे पाहण्याची सवय चांगली की वाईट हा प्रश्नच चुकीचा आहे. समोर पाहायला काय ठेवलं आहे, यावर तिचं रूप ठरतं.

जमावाचं आणखी एक रूप मुकं असतं. मेहकरजवळून आता समृद्धी महामार्ग जातो. महामार्ग कुठलाही असो, अपघात झाला की गाड्या हळू होतात, काचा खाली होतात, चार जण मोबाईल काढतात. कुणाच्याच मनात दुष्टावा नसतो. जॉन डार्ली आणि बिब लाटाने यांनी १९६८ साली न्यूयॉर्कमध्ये यावर प्रयोग केला. वेगवेगळ्या खोल्यांत बसून विद्यार्थी ध्वनियंत्रणेवरून एकमेकांशी बोलत होते. अचानक त्यातल्या एकाला फिट आल्यासारखे आवाज येऊ लागले. ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांतले ८५ टक्के जण तो आवाज बंद पडण्याआधी मदतीला उठले. आपल्याशिवाय आणखी चौघे ऐकताहेत अशी समजूत असलेल्यांतले फक्त ३१ टक्के उठले. माणसं वाढली तशी जबाबदारी वाटली गेली, आणि इतकी वाटली गेली की कुणाच्याच वाट्याला पुरेशी उरली नाही.

यावरचा उपाय पाठ करून ठेवावा इतका सोपा आहे. ‘कुणीतरी ॲम्ब्युलन्स बोलवा हो!’ असं ओरडू नये. एका माणसाकडे बोट करून म्हणावं, “चेकच्या शर्टवाले दादा, तुम्ही १०८ला फोन लावा. ताई, तुम्ही पाण्याची बाटली आणा.” ‘कुणीतरी’ या नावाचा माणूस गर्दीत नसतो. दादा आणि ताई असतात, आणि नेमून दिलं की ती कामाला लागतात. पोलिसांच्या कटकटीची भीती हा आणखी एक अडसर होता. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये यासाठीच्या मार्गदर्शक सूचनांना सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये बंधनकारक रूप दिलं, आणि २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात तसं संरक्षण आलं. ही गोष्ट गावोगाव माहीत झाली तर थांबणाऱ्यांचे उंबरठे आणखी खाली येतील.

‘लोक काय म्हणतील’ म्हणजे नेमकं कोण काय म्हणेल?

आतापर्यंत आपण इतरांच्या दिसणाऱ्या वागण्याबद्दल बोललो. पण इतरांच्या मनातलं आपल्याला दिसत नाही, त्याचा आपण अंदाज बांधतो. नात्यांतले सगळ्यात महागडे निर्णय या अंदाजावर होतात.

लग्नाचं घ्या. मुलीकडचे म्हणतात, “आम्हाला साधंच करायचं होतं, पण पाहुण्यांना काय वाटेल?” मुलाकडचे म्हणतात, “आमची काही अपेक्षा नाही, पण चार लोकांत बरं दिसायला पाहिजे.” ते चार लोक दुसऱ्या महिन्यात स्वतःच्या घरच्या लग्नात हेच वाक्य म्हणतात. मानपान, आहेर, मंगल कार्यालय, वरातीचा डीजे असं करत खर्च वाढतो, आणि त्यासाठी वावराचा तुकडा गहाण पडतो. प्रत्येक घर खाजगीत कंटाळलेलं असतं, पण आपण एकटेच कंटाळलो आहोत अशी प्रत्येकाची समजूत असते. सामाजिक मानसशास्त्रात या सामूहिक गैरसमजाचा अभ्यास १९३०च्या दशकापासून होतो आहे.

त्याचं अलीकडचं ठळक उदाहरण सौदी अरेबियातलं आहे. लिओनार्दो बुर्स्टीन आणि सहकाऱ्यांनी रियाधमधल्या तरुण विवाहित पुरुषांना गुप्तपणे विचारलं : स्त्रियांनी घराबाहेर नोकरी करावी का? फार मोठ्या बहुमताने ‘हो’ म्हटलं. मग विचारलं : या खोलीतले इतर पुरुष काय म्हणाले असतील? बहुतेकांनी होकाराचा आकडा कमी सांगितला. निम्म्या लोकांना खरा आकडा कळवण्यात आला. त्यानंतर बायकोचं नाव नोकरी मिळवून देणाऱ्या सेवेत नोंदवायची संधी दिली, तेव्हा ज्यांना आकडा कळला नव्हता त्यांच्यातल्या २३ टक्क्यांनी आणि ज्यांना कळला त्यांच्यातल्या ३२ टक्क्यांनी नोंदणी केली. काही महिन्यांनी पाहिलं तर दुसऱ्या गटातल्या बायकांनी प्रत्यक्ष नोकरीसाठी अर्जही जास्त केले होते. त्या पुरुषांना कुणी उपदेश केला नव्हता. शेजारी बसलेला माणूस काय म्हणाला, एवढंच त्यांना सांगण्यात आलं होतं.

महाराष्ट्रात हेच काम एका ग्रामपंचायतीने केलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ४ मे २०२२ रोजी ठराव केला : नवरा वारल्यावर बायकोचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं या प्रथा गावात बंद. करोनाच्या साथीत अनेक तरुण संसार उघड्यावर पडले होते, त्या जखमा ताज्या होत्या. त्याच महिन्यात राज्य शासनाने हेरवाडचा कित्ता इतर ग्रामपंचायतींनी गिरवावा असं परिपत्रक काढलं आणि अनेक गावांत तसे ठराव झाले.

ठरावाने प्रथा एका दिवसात मरत नाही, हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको. मयताच्या घरी जमलेल्या म्हाताऱ्या बाया ठरावाचा कागद वाचायला बसत नाहीत. पण ठरावाने एक मोठं काम होतं. आधी बांगड्या फोडू न देणाऱ्या सुनेला किंवा लेकीला अख्ख्या भावकीविरुद्ध एकटीने उभं राहावं लागे. आता ती, किंवा तिचा भाऊ, ‘गावानेच ठरवलंय’ असं म्हणू शकतो. मनात पटलेलं पण तोंडावर न आलेलं मत चारचौघांत उच्चारलं गेलं, आणि मागच्या रांगेतल्यांना कळलं की पुढच्या रांगेतल्यांनाही तेच वाटत होतं.

एकट्याला न झेपणारं

काही निर्णयांत आपलं मत आणि गावाचं मत दोन्ही स्पष्ट असतात, तरी वागणं बदलत नाही, कारण एकट्याने बदलून तोटाच होतो. मोबाईलचं व्यसन त्यातलं. एका घराने संध्याकाळी टीव्ही बंद ठेवला तर पोरगं शेजारच्या घरात जाऊन बसतं. एका मुलाला मोबाईल नाही दिला तर तो मित्रांच्या गप्पांतून बाद होतो. आईबाप चिडतात, पोरं रुसतात आणि रोजचं जेवण भांडणात जातं.

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. या गावाने १५ ऑगस्ट २०२२पासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा झाला की टीव्ही-मोबाईल बंद, मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं किंवा बोलत बसायचं. साडेआठला दुसरा भोंगा. ज्या दीड तासासाठी घराघरात रोज वाद होत होता, तो वाद भोंग्याने आईबापांच्या हातून काढून घेतला. ‘तूच माझ्या मागे लागतेस’ असं मुलगा आईला म्हणू शकत नाही, कारण सगळ्या गावाचाच मोबाईल खाली ठेवलेला आहे. नात्यातला ताण पुष्कळदा दोन माणसांतला वाटतो, पण त्याचं मूळ दोघांच्या बाहेर असतं. तिथे समजूत घालून भागत नाही. दहा घरांनी मिळून वेळ ठरवावी लागते.

घरच्या पातळीवरही हे जमतं. सोसायटीतल्या सहा आया मिळून ‘आठवीपर्यंत कुणालाच स्वतःचा फोन नाही’ असं ठरवतात, तेव्हा प्रत्येकीच्या घरातलं निम्मं भांडण संपतं. भावकीतली चार घरं ‘आहेर देणं-घेणं बंद’ असं पत्रिकेतच छापतात, तेव्हा पाचव्या घराला ते सोपं जातं.

एक वेगळा आवाज

इतकं वाचल्यावर वाटेल की माणूस गर्दीच्या हातातलं बाहुलं आहे. तसं नाही, आणि ते दाखवणारा प्रयोग गर्दीपुढे माणूस किती वाकतो हे दाखवणाराच आहे. सॉलोमन अॅश यांनी १९५१ साली तो प्रसिद्ध केला. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन, आणि तिघींतली पहिलीएवढी कुठली हे सांगायचं. शाळकरी पोरही चुकणार नाही इतकं सोपं. पण खोलीत एकच माणूस खरा होता, बाकीचे अॅश यांनी पढवलेले. ते एकापाठोपाठ एक धडधडीत चुकीचं उत्तर देत गेले. पाळी आल्यावर खऱ्या माणसांनीही एकूण सुमारे तृतीयांश वेळा तेच चुकीचं उत्तर दिलं. चारपैकी तीन जण निदान एकदा तरी गर्दीबरोबर गेले.

मग अॅश यांनी पढवलेल्यांपैकी एकाला खरं उत्तर द्यायला सांगितलं. बाकी सगळे पूर्वीप्रमाणे चुकीचंच बोलत होते. तरी त्या एका आवाजाने वाकण्याचं प्रमाण पूर्वीच्या चौथाईवर आलं. त्याने वाद घातला नव्हता, कुणाला पटवलंही नव्हतं. त्याने फक्त आपलं उत्तर मोठ्याने सांगितलं होतं.

आपल्याकडच्या घरांत आणि बैठकांत बोलण्याचा क्रम ठरलेला असतो. आधी आजोबा, मग मोठे काका, मग वडील. सून आणि धाकटी मुलगी शेवटी, तीही विचारलं तर. पहिल्या दोघांनी ‘स्थळ चांगलं आहे’ म्हटलं की पुढची सगळी उत्तरं ठरून जातात, आणि अॅश यांच्या खोलीसारखीच कुणाच्या डोळ्यांना काय दिसलं ते कळतच नाही. म्हणून महत्त्वाचा निर्णय असेल तेव्हा क्रम उलटा करावा. धाकट्यांना आधी बोलू द्यावं, घरच्या कर्त्याने शेवटी. मुलगा बघायला आला, कर्ज काढायचं, वावर विकायचं, म्हाताऱ्या आईला कुणी सांभाळायचं, अशा प्रसंगी बैठकीआधी प्रत्येकाला वेगळं विचारावं. बचतगटात किंवा ग्रामसभेत हात वर करण्याआधी चिठ्ठ्या लिहून घेता येतात. मान राखायचा तो राखावा. नमस्कार आधी मोठ्यांना होतो, मत त्यांचं शेवटी ऐकलं म्हणून तो कमी होत नाही.

आणि आपली पाळी शेवटी आली, सगळे एकमुखाने बोलून बसले आणि आपल्याला वेगळं दिसत असेल, तर भाषण करायची गरज नाही. “मला जरा वेगळं वाटतं,” एवढं एक वाक्य पुरतं. सगळी बैठक लगेच फिरणार नाही. पण त्या खोलीत अजून एखादा असा असतोच, ज्याला एकाच सोबत्याची वाट असते.